आउटबॅकमधली पडकी घरं

कुणाकडे जेवायला गेलं आणि "यंदाही तिकडे वाळवंटातच का?" असं कुणी विचारलं, की माझी पंचाईत होते. एक किस्सा सांगायला घ्यावा तर तो कळायला त्याच्या आधीचा सांगावा लागतो, त्यासाठी आणखी आधीचा, आणि तोवर ताटातली आमटी गार होते. माझा नवरा तर आता मी बोलायला लागले की निमूट दुसऱ्यांदा भात वाढून घेतो.

तर आधी एवढं सांगते. आम्ही सिंगापूरची काही मराठी माणसं दर जूनमध्ये, शाळांना सुट्टी लागली की, विमानाने ऑस्ट्रेलियात ॲडलेडला जातो, गाडी भाड्याने घेतो आणि उत्तरेला आउटबॅकमध्ये, म्हणजे तिथल्या ओसाड कोरड्या रानात, निघतो. तिकडे तेव्हा थंडी असते. तंबूत राहायचं आणि ओस पडलेली जुनी घरं बघत हिंडायचं. दीडशेएक वर्षांपूर्वी इंग्लंडहून आलेली माणसं तिथे गहू पेरायला गेली होती. आधीची काही वर्षं पाऊस बरा झाला, त्यावर विसंबून त्यांनी दगडी घरं बांधली. मग पाऊस यायचा थांबला. माणसं घरं तशीच टाकून निघून गेली. बस, एवढंच बघायला आम्ही जातो.

आम्ही म्हणजे विनय सामंत, त्याची बायको गौरी, त्यांची मुलगी इरा, नीलिमाताई मेश्राम आणि मी. विनय डोंबिवलीचा, बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचा, बुकित पंजांगला बाराव्या मजल्यावर भाड्याने राहायचा. नीलिमाताई नागपूरच्या. पाण्यावर संशोधन करतात, वुडलँड्सला एकट्या राहतात. मी सेरंगूनला. नवरा पहिल्याच वर्षी म्हणाला, "जिथे बाथरूम नाही तिथे सुट्टी नाही." मीही पुन्हा आग्रह केला नाही.

* * *

हे खूळ विनयचं. त्या माणसाला एका जागी बसता येत नाही. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलवर, ऑर्डर देऊन आला की दोन मिनिटांत "झालं का बघून येतो" म्हणून परत उठतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये तो उभाच असतो म्हणे.

सिंगापुरात पहिल्या वर्षी त्याने एका रविवारी गाडी भाड्याने घेतली. गौरीला म्हणाला, "चल, लाँग ड्राइव्हला जाऊ." सकाळी निघाले. पश्चिमेच्या टोकाला गेले, समुद्र आला. वळून पूर्वेच्या टोकाला गेले, समुद्र आला. उत्तरेला गेले तर मलेशियात जाणारा जोहोरचा पूल, आणि पासपोर्ट घरी. जेवायच्या वेळेला दोघं दारात हजर.

गौरी सांगते, विनयने किल्ली टेबलावर ठेवली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "संपला गं देश."

* * *

पहिल्यांदा जायच्या आधी तंबू ठोकायची प्रॅक्टिस करायची ठरलं. आमच्यापैकी कुणी जन्मात तंबू ठोकला नव्हता. समुद्रकाठच्या पार्कमध्ये शनिवारी जमलो. नीलिमाताईंनी ठेचा आणि भाकरी आणली होती. वाऱ्याशी झटापट करून तिसऱ्या प्रयत्नात तंबू उभा राहिला, आणि आम्ही त्याच्याकडे कौतुकाने बघतोय तोवर पार्कचा माणूस सायकलवरून आला.

"परमिट?"

विनयने ऐटीत फोन पुढे केला. त्या माणसाने बघितलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, की परमिट खरं आहे, पण दुसऱ्या पार्कचं आहे. विनयने बुकिंग करताना चुकीच्या पार्कवर बोट दाबलं होतं.

"मग आम्ही निघायचं का?" विनयने विचारलं.

माणूस भला होता. त्याने तंबूकडे बघितलं, भाकरीकडे बघितलं, आणि म्हणाला, "सिट कॅन. स्लीप कॅनॉट."

तो गेल्यावर नीलिमाताईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "आपल्या एम्प्लॉयमेंट पासच्या मागे हेच छापायला पाहिजे."

आम्ही हसलो; नोकरी आहे तोवरच इथे राहू देणारा तो परवाना सगळ्यांच्याच खिशात होता. विनय तेवढा हसला नाही. तो तंबूच्या खुंट्या उपटत होता.

* * *

पहिल्या ट्रिपला ॲडलेड सोडल्यावर गाडी विनयने हातात घेतली ती सोडेचना. आधी द्राक्षमळे होते, मग गव्हाची शेतं, मग मेंढ्या, आणि मग काहीच नाही. तांबडी माती, खुरटी झुडपं आणि पुढे सरळ रस्ता. वळण आलं तर आम्ही एकमेकांना दाखवायचो.

दुपारी जिथे तंबू ठोकायचे ती जागा आली. पाटी दिसली. विनयने ती वाचलीही असावी, कारण गाडी जरा हळू झाली. मग पुन्हा वेग वाढला.

"विनय, आपली जागा मागे गेली," गौरी म्हणाली.

"बघितली."

"मग?"

"थोडं पुढे जाऊन येऊ."

थोडं म्हणता म्हणता सूर्य खाली आला. कांगारू रस्त्यावर येण्याची वेळ झाली. त्या वेळी तिकडे कुणी गाडी चालवत नाही, हे आम्हाला गाडी देणाऱ्याने चारदा बजावलं होतं. मागच्या सीटवर इरा झोपली होती. नीलिमाताई खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांनी वरची दांडी घट्ट धरलेली मला दिसत होती.

गौरीने आवाज न चढवता विचारलं, "नक्की कुठे चाललोय आपण?"

विनय म्हणाला, "अजून समुद्र आला नाही ना."

पुढच्या पेट्रोल पंपावर गौरीने त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि परतीच्या वाटेवर गाडी स्वतः चालवली.

* * *

एका वर्षी माझी आई आली होती सांगलीहून. सिंगापुरात तिला करमत नव्हतं. मी ऑफिसला, नवरा ऑफिसला. ती दिवसभर फ्लॅटमध्ये या खिडकीतून त्या खिडकीत. तिला एकटं ठेवण्यापेक्षा बरोबर घेऊन गेलो.

तंबूत झोपायला तिने अजिबात कुरकुर केली नाही. उलट विनयलाच शिकवलं, की जमिनीवर आधी जाड पांघरूण घाल, मग चादर. पडकी घरं बघायला मात्र ती आत यायची नाही. आम्ही फोटो काढायचो, विनय पाटीवरची माहिती मोठ्याने वाचायचा, कुठलं कुटुंब, किती मुलं, कधी गेले. आई आपली पदर डोक्यावरून घेऊन भिंतीच्या सावलीत उभी.

एका घराशी मात्र ती आत गेली आणि बाहेर येईना. मी बघायला गेले. छप्पर उडालेलं, पण चूल आणि तिच्यावरचं धुराडं शाबूत होतं. आई चुलीसमोर उभी राहून खाली वाकून बघत होती, मग मागे वळून दाराकडे बघत होती.

"काय झालं गं?"

"इथून काही दिसत नाही," आई म्हणाली. "दार पाठीमागे. खिडकी तिकडे, नवऱ्याच्या खोलीला. नवरा शेतातून येतोय का, पोरं कुठे गेली, काही कळायचं नाही हिला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभी."

विनय दाराशी येऊन ऐकत होता. "काकू, वारा त्या बाजूने येतो. म्हणून खिडकी ठेवली नसेल."

"असेल बाबा," आई म्हणाली. "पण बाईला विचारून बांधलेलं घर नाही हे."

त्या रात्री जेवताना विनयने गौरीला विचारलं, बुकित पंजांगच्या किचनमधून तुला काय दिसतं? गौरी म्हणाली, "समोरच्या ब्लॉकचं किचन."

* * *

त्याच भागात एक मेंढपाळ आपल्या जमिनीत तंबू ठोकू देतो. त्याचं नाव डग. साठीचा असेल, उन्हाने भाजून लाल झालेला. त्याच्या घराण्याची पाचवी पिढी तिथे आहे. संध्याकाळी तो पाहुण्यांना जुनं घर, मेंढ्या कातरायची शेड आणि विहीर दाखवतो. विहिरीशी आल्यावर त्याचा आवाज बदलतो. आजूबाजूची सगळी कुटुंबं दुष्काळात गेली, हे टिकले, ते या विहिरीमुळे. पणजोबांच्या वडिलांनी हाताने खणली. आम्ही सगळे वाकून आत बघून आलो.

नीलिमाताई मागे राहिल्या होत्या. त्यांनी विचारलं, "एवढ्या मोठ्या रानात त्यांनी नेमकं इथेच कसं खणलं?"

डगने विहिरीकडे बघितलं. "कुणीतरी त्यांना दाखवलं होतं."

"कुणी?"

"जे आधीपासून इथे राहत होते, त्यांनी. इथे त्यांचा झरा होता."

"आणि विहीर झाल्यावर ते इथे पाणी प्यायला यायचे?"

डगने टोपी काढली, पुन्हा घातली. "नाही," तो म्हणाला. "कुंपण घातलं होतं."

नीलिमाताईंनी मान हलवली. आम्ही तंबूकडे परतलो. विनय काहीतरी बोलायला गेला, तेव्हा गौरीने त्याच्या दंडाला हात लावला.

सकाळी चहा होत होता तेव्हा डगची गाडी आली. खाली न उतरताच त्याने नीलिमाताईंना विचारलं, थोडं लांब यायला वेळ आहे का? त्या गेल्या. दुपारी परत आल्या तेव्हा बुटांना ओला चिखल होता. कोरड्या ओढ्यात खडकाखाली एक डोह आहे, डग तो कुणाला दाखवत नाही. ज्यांचं ते पाणी, त्या घरातली एक म्हातारी अजून वर्षातून एकदा तिथे येते. डग तिला फाटक उघडून देतो आणि ती जाईपर्यंत गाडीत बसून राहतो.

"काही बोलला का?" मी विचारलं.

"म्हणाला, इतकी वर्षं लोकांना विहीर दाखवतोय, हे कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही का विचारलंत?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

नीलिमाताई बुटांचा चिखल काडीने काढत होत्या. "काय सांगणार? म्हटलं, पाणी हा माझा विषय आहे."

* * *

आणखी एका वर्षीचं सांगते, इरा तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती. सिग्नल नाही म्हणून तिचं तोंड ॲडलेडपासून फुगलेलं. एका घराच्या पायरीवर बसून तिने चारी दिशांना बघितलं आणि विचारलं, "पपा, नेक्स्ट नेबर हाउ फार?"

विनयने सांगितलं, घोड्यावरून अर्धा दिवस.

"देन इफ दे फाइट, हू विल हिअर?"

विनय हसला. गौरी हसली नाही. ती म्हणाली, "विनय, जरा चल माझ्याबरोबर." आणि ती झुडपांतून सरळ चालायला लागली.

इथे मला सांगायला हवं, की विनय आणि गौरीचं एक भांडण कित्येक वर्षं चाललं होतं. विनयला पुढे जायचं होतं. कधी कॅनडा, कधी मेलबर्न, कधी दुबई. त्याचे अर्ज कुठे ना कुठे गेलेलेच असायचे. गौरीला कुठेतरी एकदा थांबायचं होतं. इथे म्हणशील तर इथे, डोंबिवलीत म्हणशील तर डोंबिवलीत, पण ठरव. हे सगळं त्यांनी कुजबुजत केलेलं. बाराव्या मजल्यावर भिंतीपलीकडे शेजारी, आतल्या खोलीत इरा. भांडण रंगात आलं की गौरी नळ सोडायची.

त्या दिवशी दोघं पार ठिपक्याएवढी होईपर्यंत चालत गेली. त्यांना वाटलं, पुरे एवढं. पण त्या सपाट रानात आवाज कसा पोचतो याचा अंदाज त्यांना नव्हता. आम्हाला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"प्रत्येक घरात मी पडदे लावायचे, आणि तू नवीन शहराचा नकाशा उघडायचा!" हे गौरी. मी तिला इतक्या मोठ्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

विनयचा आवाज फाटला होता. "मला थांबायची भीती वाटते गं. थांबलो आणि त्यांनी जा म्हटलं तर?"

नीलिमाताईंनी घाईने चहाचं आधण ठेवलं. मी भांडी घासायला घेतली, स्वच्छ होती तीसुद्धा, आणि दोघी मिळून होईल तितका खडखडाट केला. इराकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. शेवटी बघितलं. ती पायरीवरच बसली होती, हनुवटी गुडघ्यांवर.

"फायनली, लाह," ती अस्सल सिंगापुरी सुरात म्हणाली.

बऱ्याच वेळाने दोघं परत आली. गौरीचे डोळे सुजले होते. विनयने चहा घेतला आणि, मी पहिल्यांदाच बघत होते, कप रिकामा होईपर्यंत बसून राहिला. पुढच्या वर्षभरात त्याने कुठेही अर्ज केला नाही. गौरीने हॉलमध्ये भिंतीवर खिळे मारून घेतले आणि फोटो लावले. भाड्याच्या घरात इतकी वर्षं तिने एक खिळा मारला नव्हता.

* * *

त्यानंतरच्या वर्षी विनयने आम्हाला सेरंगूनच्या हॉकर सेंटरमध्ये बोलावलं. जूनची तिकिटं काढून झाली होती, म्हणून मला वाटलं सामानाबद्दल बोलायचं असेल. तो कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन आला, बसला, आणि नीलिमाताईंना म्हणाला, "तुमच्या स्टोअररूममध्ये जागा आहे का? तंबू कुणीतरी ठेवून घ्यायला हवेत."

त्याचा पूर्ण विभाग दुसऱ्या देशात हलवणार होते. नोकरी संपणार म्हणजे पास संपणार. दुसरी नोकरी बघायला वेळ होता, त्याने बघितलीही. त्या वयाला, त्या पगाराला कुणी घेत नव्हतं. इराला डोंबिवलीच्या शाळेत वर्ष सुरू होताच बसवायचं म्हणून गौरी तिला घेऊन आधीच निघणार होती. घर आवरून द्यायला विनय मागे राहणार होता.

"मग तिकिटं रद्द करू," मी म्हणाले.

"का?" विनय म्हणाला. "तिघं जाऊ. मला तिकडे जायचंय."

नीलिमाताईंनी आपल्या पुढ्यातला टोस्ट त्याच्याजवळ सरकवला. "तंबू राहतील माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "पण ठेवून घेतले म्हणायचं, दिले म्हणायचं नाही."

* * *

तर विनयच्या त्या शेवटच्या ट्रिपची ही गोष्ट.

आम्ही तिघंच होतो. गाडी बहुतेक मीच चालवली. तिसऱ्या दिवशी दुपारी रस्त्यालगत एक घर दिसलं. आधी कधी तिथे थांबलो नव्हतो. दोन खोल्या आणि मागे किचन, छप्पर नाही, दारं नाहीत, भिंती मात्र सरळ उभ्या. बाहेर पाटीसुद्धा नव्हती.

मी आणि नीलिमाताई फिरून बघून आलो. तोवर विनयने एका झाडाची पडलेली फांदी उचलली होती, बारीक पानांची. त्याने कोपऱ्यातून सुरुवात केली. मेंढ्यांच्या लेंड्या, वाळू, पाला, सगळं झाडत दाराकडे आणायचा आणि बाहेर लोटायचा. गंजलेले पत्र्याचे तुकडे उचलून त्याने बाहेर एकावर एक रचले. पहिली खोली झाली, मग दुसरी. आम्ही दोघी सावलीत बसून संत्री सोलत होतो.

उन्हं कलली तेव्हा एक कॅराव्हॅन, चाकांवरचं घर, येऊन थांबली. म्हातारं ऑस्ट्रेलियन जोडपं उतरलं. दोघं दाराच्या चौकटीशी आली, आणि विनयला झाडताना बघून तिथेच थांबली. बाईने विचारलं, "हे तुमचं घर आहे का?"

मला वाटलं तो हसेल आणि नाही म्हणेल.

"हो," विनय म्हणाला.

"आत आलं तर चालेल?"

"या ना."

म्हाताऱ्याने टोपी काढली. उंबऱ्याच्या दगडावर एक बूट पुसला, मग दुसरा, आणि आत आला.

विनय त्यांना दाखवत होता. "हा हॉल. ही आमची खोली. इथे मुलगी अभ्यासाला बसते, तिला उजेड लागतो."

"छान उजेड आहे," बाई वर आभाळाकडे बघून म्हणाली. "खूप वर्षं राहिलात?"

"बरीच. आता सोडतोय, या महिन्यात."

"कुठे जाणार?"

विनयने फांदी या हातातून त्या हातात घेतली. "आधी हे झाडून होऊ दे," तो म्हणाला. "किचन राहिलंय."

बाईने नवऱ्याकडे बघितलं. म्हातारा बाहेर गेला. मला वाटलं निघाले. तो झाडाखाली थोडा शोधत राहिला, त्याने आणखी एक फांदी उचलली, तिची वाळकी टोकं मोडली, आणि आत येऊन किचन झाडायला लागला.